बालपणीचे आघात, मूडचे आजार आणि मनाची उभारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्रेशन किंवा बायपोलर असलेली आणि लहानपण सुखाचं न गेलेली माणसं, तसेच त्यांच्या घरचे, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. क्रमानं वाचायची गरज नाही, ज्याची नड असेल तिथून सुरू करा. पहिला प्रश्न मात्र मुद्दाम पहिला ठेवला आहे.

आत्ता, या घडीला जगणंच नको वाटतंय. काय करू?

बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. साठवलेल्या गोळ्या, शेतीवरचं फवारणीचं औषध असं काही हाताशी असेल तर ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. आपणच कुठेतरी ठेवून देऊ नका, कारण ठेवलेली जागा आपल्याला माहीत असते. आणि एकटे राहू नका. बोलायचं नसलं तरी शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. ही लाट सगळ्यात उंच असते तो काळ सहसा थोडाच असतो. तेवढा काढायचा आहे.

मूडचे आजार म्हणजे नक्की कोणते?

मुख्यतः दोन. पहिलं डिप्रेशन, म्हणजे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधी वाटणं यांतली लक्षणं. दुसरा बायपोलर. यात डिप्रेशनबरोबरच उन्मादाचे, म्हणजे मेनियाचे, किंवा त्याहून सौम्य हायपोमेनियाचे कालखंड येतात. वर्षानुवर्षं धुमसत राहणारं सौम्य डिप्रेशनही याच कुटुंबातलं, आणि तेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. ‘तिचा स्वभावच तसा’ म्हटलं की विषय संपतो.

मार तर आम्हीही खाल्ला. आमचं काय बिघडलं?

हेल्मेट न घालता घरी सुखरूप पोचलेला माणूस हेल्मेट निरुपयोगी असल्याचा पुरावा नसतो. काहींचं बिघडत नाही, हे खरंच आहे. ते का बिघडत नाही, हा उभारीचा प्रश्न. त्याकडे पुढे येऊ.

आघात मोजायला जगभर वापरली जाणारी २८ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात पाच कप्पे आहेत : भावनिक छळ, शारीरिक छळ, लैंगिक अत्याचार, भावनिक दुर्लक्ष आणि शारीरिक दुर्लक्ष. आपल्याकडे पहिला आणि चौथा कप्पा कुणाच्या हिशेबातच नसतो. रोज उठून ‘तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं’ हे ऐकणं म्हणजे भावनिक छळ. शाळेची फी वेळेवर भरली, डबा दिला, पण मूल रात्री उशीत तोंड खुपसून रडतंय हे वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नाही, हे भावनिक दुर्लक्ष. त्यात घडलेलं असं काही दाखवता येत नाही, जे घडायला हवं होतं ते घडलेलं नसतं. म्हणून अशी माणसं डॉक्टरांनी विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘तसं काही झालं नाही’ म्हणतात.

एखादी चापट आणि आघात यांतला फरक चार गोष्टींनी ठरतो : किती वेळा झालं, कोणी केलं, कोणत्या वयात झालं आणि नंतर कुणी बाजू घेतली का. चौथी गोष्ट लोक विसरतात. लैंगिक अत्याचारानंतर आईनं विश्वास ठेवला की ‘घरात बोलायचं नाही हे’ म्हणाली, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

हे विरळा मुळीच नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांतल्या दोघांनी शारीरिक छळ आणि निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला होता.

बालपणीच्या आघाताचा आजाराशी संबंध खरंच आहे, की मागचं उकरायची आता पद्धत पडली आहे?

संबंध आहे, आणि मानसोपचारातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा तो पक्का आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली जो अभ्यास मांडला, त्यात प्रतिकूल अनुभवांचे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत डिप्रेशन, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण, असं काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट होतं. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की बालपणी छळ झालेल्यांत डिप्रेशन पुन्हा उलटण्याची किंवा चिवट होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. बायपोलरबद्दलचं असंच एकत्रीकरण २०१६ चं आहे. बायपोलर असलेल्यांत बालपणीच्या प्रतिकूलतेची शक्यता इतरांच्या अडीच पटीहून जास्त, आणि भावनिक छळाची सुमारे चौपट निघाली. मारापेक्षा शब्दांचा छळ वरचढ ठरला, हे नीट वाचून ठेवण्यासारखं आहे. बालपणी आघात झालेल्यांत बायपोलर लवकर सुरू होतो, झटके वारंवार येतात आणि आत्महत्येचे प्रयत्नही जास्त दिसतात.

पण याची उलटी बाजू तितकीच खरी. मूडचा आजार झालेल्या प्रत्येकाचं बालपण वाईट गेलेलं नसतं. बायपोलरमध्ये तर आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. म्हणून ‘मुलाला बायपोलर झाला, म्हणजे आईबापांनीच काहीतरी केलं असणार’ हा निष्कर्ष चूक, आणि क्रूरही.

शरीरात नेमकं काय होतं?

धोका दिसला की मेंदूतून निघालेला इशारा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. धोका टळला की ते आवरलं जातं. लहान वयात हा भोंगा रोजच वाजत राहिला तर आवरणारी यंत्रणा बिघडते. २००० साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात स्त्रियांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला सांगितली. बालपणी छळ झालेल्यांची ताणाची संप्रेरकं बाकीच्यांपेक्षा खूप वर गेली, आणि सध्या डिप्रेशनही असलेल्यांची सर्वांत जास्त. त्यामुळे ऑफिसात साहेबानं आवाज चढवल्यावर तुमचे हात कापतात तेव्हा तो ‘अतिसंवेदनशीलपणा’ नसतो. भोंगा नाजूक झालेला असतो. तो बदलता येतो, पण ‘मनावर घेऊ नकोस’ एवढ्या सांगण्यानं बदलत नाही.

इंटरनेटवर बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची चाचणी दिली. स्कोअर ६ आला. माझं आता काही खरं नाही का?

तो आकडा लोकसंख्येचा अंदाज घ्यायला बनवलेला आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला नाही. ही चाचणी ज्या १९९८ च्या अभ्यासातून आली, तो मांडणाऱ्या खुद्द अँडा यांनीच हे २०२० साली लिहिलं. त्या दहा प्रश्नांत वारंवारता नाही, वय नाही, कुणी बाजू घेतली का ते नाही. आणि ते जवळजवळ सगळे घराच्या चार भिंतींतले आहेत. शाळेत जातीवरून झालेला अपमान, मास्तरांचा मार, आईबाप दर वर्षी ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेलं मूल, यांतलं काहीच त्यात बसत नाही. म्हणजे आपल्याकडे ० आलेला माणूसही बराच सोसलेला असू शकतो. आकडा डॉक्टरांशी बोलणं सुरू करायला वापरा, आणि मग विसरून जा.

मला सातवीच्या आधीचं फारसं आठवतच नाही. काहीतरी दडलेलं असेल का?

असेलच असं नाही. लहानपण धूसर असणं सामान्य आहे, आणि डिप्रेशनमध्ये आठवणी तशाही मोघम होतात. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात, लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांतल्या जेमतेम निम्म्यांनी मोठेपणी तो सांगितला. आणि मोठेपणी सांगणाऱ्यांतही जवळपास निम्म्यांच्याच बाबतीत तेव्हाची नोंद सापडली. नोंद नसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, कारण घरातल्या बहुतेक गोष्टींची नोंद होतच नाही. पण संमोहन लावून ‘दडपलेली आठवण बाहेर काढतो’ असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा. सुचवलेली आठवण खऱ्या आठवणीइतकीच खरी वाटू लागते. उपचाराला सगळी आठवण लागत नाही, आज काय होतंय तेवढं पुरतं.

उभारी म्हणजे नेमकं काय? ती स्वभावातच असावी लागते ना?

मराठीत यासाठी लवचिकता, चिवटपणा, काटकपणा असे बरेच शब्द फिरतात. ‘काटक’ म्हटलं की सोसत राहणं आलं, आणि नेमका तिथेच घोळ होतो. मुकाट्यानं सोसणारा माणूस उभारीचा असतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त मुका असतो. उभारी म्हणजे खाली गेल्यावर वर येण्याची क्षमता. खाली न जाण्याची नव्हे.

ती मोजतातही. २००३ साली आलेल्या एका २५ प्रश्नांच्या मापनपट्टीत ० ते १०० गुण असतात. मूडच्या आजारात हे गुण कमी येतात, आणि डिप्रेशन उतरलं की ते वाढतात. एवढ्यावरूनच कळतं की हा उंचीसारखा कायमचा गुण नाही. म्हणून आजार भरात असताना कुणी ‘तुझ्यात जिद्दच नाही’ म्हणालं, तर ते ताप असताना अंग गरम असल्याबद्दल बोल लावण्यासारखं आहे.

याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं काम हवाईतल्या काउआई बेटावर झालं. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, असं बरंच काही वाट्याला आलेल्या मुलांतली सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, आत्मविश्वासानं वाढली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली : घरातलं किंवा बाहेरचं निदान एक मोठं माणूस, ज्याच्या लेखी हे मूल महत्त्वाचं होतं. आजी, मावशी, शिक्षिका, कुणीही. पण या अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. विशीच्या आत अडखळलेल्या उरलेल्या मुलांतलीही बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली. पुन्हा शिक्षण घेऊन, चांगला जोडीदार मिळून, स्थिर नोकरीनं, एखाद्या समूहात मिसळून. म्हणजे लहानपणी कुणी मिळालं नाही म्हणून दार बंद होत नाही. मोठेपणी उभारी बांधता येते. पण ती एकट्यानं आणि नुसत्या इच्छाशक्तीनं बांधली गेल्याचं फार कमी दिसतं.

डॉक्टरांना लहानपणीचं हे सांगायलाच हवं का? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, मागे रांग असते.

सांगायला हवं, कारण त्यानं उपचार बदलतो. डॉक्टर स्वतःहून विचारतील याची वाट पाहू नका. सगळा इतिहास सांगण्याची मात्र गरज नाही. वहीच्या अर्ध्या पानावर चार ओळी लिहून न्या आणि कागद पुढे सरकवा :

‘वय ७ ते १२ : जवळच्या नातेवाइकाकडून लैंगिक त्रास. घरी सांगितलं, विश्वास ठेवला नाही. आत्ता : दचकून जाग येते, आठवड्यातून ३-४ वेळा. तपशील आज बोलायचा नाही. सोबतच्यांसमोर विचारू नका.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. आपल्याकडे पेशंटबरोबर सासू, नवरा, भाऊ असे दोघं-तिघं आत येतात आणि उत्तरंही तेच देतात. ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ हे म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय राहते. याला धोका टाळण्यासारखे थोडे अपवाद आहेत. ते कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

एक डॉक्टर बायपोलर म्हणाले, दुसरे म्हणाले हा आघाताचा परिणाम. कोण बरोबर?

दोघंही असू शकतात. पण गल्लत फार होते, त्यामुळे फरक माहीत असावा. घड्याळ आणि कारण, या दोन गोष्टी बघायच्या.

हायपोमेनिया सलग निदान चार दिवस आणि मेनिया निदान आठवडाभर टिकतो. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, बोलणं थांबत नाही, पैसा वाहतो, डोक्यात योजनांची रांग लागते, आणि हे सगळं बाहेर काही घडलेलं नसतानाही होतं. आघातातून येणारी उलथापालथ तासातासाला बदलते आणि तिला बहुधा ठिणगी असते : एखादा आवाज, वास, न आलेला फोन. झोप तिच्यातही उडते, पण दुसऱ्या दिवशी माणूस गळून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताण’ असं वेगळं निदान आहे. त्यात जुने प्रसंग अंगावर येणं, टाळाटाळ आणि सतत सावध राहणं यांच्या जोडीला भावना न आवरणं, स्वतःबद्दल घृणा आणि नात्यांत टिकता न येणं ही लक्षणं येतात.

चूक दोन्ही दिशांनी महागात पडते. बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मेनिया उसळू शकतो. आणि बायपोलर नसताना वर्षानुवर्षं मूड स्थिर करणारी औषधं घेतली तर वजन, थायरॉइड, किडनी यांचा भुर्दंड उगाच पडतो. म्हणून दोन महिन्यांची झोप आणि मूडची नोंद घेऊन जा. स्मरणशक्तीपेक्षा वही खरं बोलते.

कारण लहानपणात आहे, तर मग गोळ्या कशाला?

हाड पायरीवरून पडून मोडलं म्हणून प्लास्टर नको, असं आपण म्हणत नाही. बायपोलरमध्ये औषध हा पाया आहे, बालपण कसंही असो. मध्यम आणि तीव्र डिप्रेशनमध्येही औषधाचा उपयोग होतो. पण एक फरक आहे. जुनाट डिप्रेशनच्या ६८१ रुग्णांच्या एका अभ्यासात (२००३), बालपणी आघात झालेल्यांना नुसत्या औषधापेक्षा संवादाच्या उपचाराचा जास्त फायदा झाला. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण दोन औषधं बदलूनही फरक नसेल आणि आघाताबद्दल कुणी बोललंच नसेल, तर तिसऱ्या औषधाआधी थेरपीचं विचारा.

गोळ्यांच्या बाबतीत चुका ठरलेल्या आहेत. डिप्रेशनची गोळी काम दाखवायला दोन ते चार आठवडे घेते, पूर्ण पारख करायला सहा ते आठ. लोक दहाव्या दिवशी सोडतात. बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, लोक दुसऱ्या महिन्यात बंद करतात. लिथियम हे मूड स्थिर करणारं औषध, त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासायची. सकाळी गोळी घेऊनच लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा वर येतो. आणि लिथियमवर असताना हरितालिकेचा निर्जळी उपवास करू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम साठतं आणि विषबाधा होते. जुलाब, उलट्या, भर उन्हातलं काम आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचंही तेच.

आघातावरची थेरपी म्हणजे काय? सगळं पुन्हा सांगावं लागतं का?

लगेच नाही, आणि काही पद्धतींत कधीच तपशिलात नाही. साधारण क्रम असा : आधी स्थैर्य, मग आठवणींवर काम, मग पुढचं आयुष्य. स्थैर्य म्हणजे झोप रुळावर, आत्महत्येचा धोका आटोक्यात, दारू थांबलेली किंवा कमी, आणि बायपोलर असेल तर सध्या मेनिया किंवा खोल डिप्रेशन नाही. त्यानंतर आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारी थेरपी), टप्प्याटप्प्यानं आठवणीला सामोरं जाणं किंवा ईएमडीआर. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवी हालचाल करतात. त्याचे आठ टप्पे आहेत आणि पहिले दोन नुसते माहिती घेण्याचे आणि तयारीचे आहेत. पहिल्याच भेटीत बोटं हलवायला लागणारा थेरपिस्ट ते टप्पे गाळतोय.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, तयारीशिवाय पहिल्या तासात सगळं उपसून काढायचं. माणूस घरी जातो, चार रात्री झोपत नाही आणि परत येत नाही. दुसरी, ‘अजून तुम्ही तयार नाही’ म्हणत वर्षभर नुसत्या श्वासाच्या कसरती. दोन-तीन महिन्यांनी ‘आपण कुठवर आलो?’ हे विचाराच. सुरुवातीच्या काही भेटींनंतर त्रास थोडा वाढू शकतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत उतरायला हवा. वाढतच गेला तर वेग जास्त आहे.

थेरपिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि आघातावर कोणतं प्रशिक्षण घेतलंय तेही. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

थेरपिस्ट तालुक्यातही नाही. घरी काय करता येईल?

दोन गोष्टी. दोन्ही दिसायला इतक्या साध्या की लोक त्या करत नाहीत.

पहिली : दिवसाचा ताल. बायपोलरसाठी तयार झालेल्या एका थेरपीचा हा गाभा आहे, डिप्रेशनलाही चालतो. शंभर पानी वही घ्या. रोज पाच गोष्टींच्या वेळा लिहायच्या : अंथरुणातून उठलो, पहिल्यांदा कुणाशी बोललो, काम सुरू केलं, रात्री जेवलो, झोपायला गेलो. पुढे मूड उणे ५ ते अधिक ५ मध्ये. एक ओळ अशी दिसते :

‘मंगळ. ६:४० / ७:०० दूधवाला / ९:३० / ८:४५ / ११:१५. मूड −२. झोप ६ तास.’

पाचही वेळा ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे राहिल्या की झालं. सगळ्यात आधी उठायची वेळ पक्की करा, झोपायची नव्हे. झोप ठरवून येत नाही, पण उठता येतं. गणपतीतलं जागरण, लग्नघरातल्या तीन रात्री, नाइट शिफ्ट, हे बायपोलरला थेट मेनियाकडे नेणारे रस्ते आहेत. आरतीला जा, पण अकराला घरी या. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या आत आली आणि तरी ताजंतवानं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ‘छान वाटतंय’ म्हणून थांबू नका.

दुसरी : कृती आधी, मूड मागून. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर एक मोठी चाचणी झाली. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. २०१७ मध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर होते, नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांतले ३९ टक्के. करायचं काय? आठवड्यातून तीन कामं निवडायची : एक गरजेचं, एक पूर्वी आवडायचं ते, एक माणसांतलं. प्रत्येक इतकं लहान करायचं की हसू यावं. ‘व्यायाम’ नाही, ‘चपला घालून कोपऱ्यापर्यंत’. आधी आणि नंतर मूडचा आकडा लिहायचा. लोक मोठं काम लिहितात, होत नाही, आणि ‘माझ्याच्यानं होत नाही’ या समजाला आणखी एक पुरावा मिळतो.

जुना प्रसंग अचानक अंगावर येतो तेव्हा डोळे मिटून ध्यान करू का?

डोळे उघडे ठेवा. मिटले की आतला पडदा आणखी स्पष्ट होतो. पाय जमिनीला दाबा, आजची तारीख, गाव आणि स्वतःचं वय मोठ्यानं म्हणा. दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज मोजा. गार पाण्याची बाटली हातात धरा. श्वास घ्यायचाच तर सोडताना लांब, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर. हे लाट नसताना रोज दोनदा घोटून ठेवा, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही. आजार अस्थिर असताना दहा दिवसांच्या मौन शिबिरांना जाऊ नका. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते लपवू नका.

ज्यानं हे केलं त्या माणसाला माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, असं म्हणतात.

म्हणतात, पण माफी हा कोणत्याही उपचाराचा सक्तीचा टप्पा नाही. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे ज्याचं काही गेलेलं नसतं त्यालाच सोपं जातं. बरं होण्यासाठी अंतर लागतं. ते नेहमी घर सोडूनच मिळतं असं नाही. दिवाळीला एकाच घरात जावंच लागत असेल तर आधीच ठरवा : किती तास थांबायचं, कुठे बसायचं, कोणती खोली टाळायची, निघायचं निमित्त काय, आणि कोणाला मेसेज केला की तो फोन करून बोलावून घेईल.

घरच्यांनी काय बोलावं?

थोडंच. ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर. तुझी चूक नव्हती. आत्ता काय करू?’ तिन्ही वाक्यं एकदाच, आणि मग गप्प. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तोंडावर येतोच, तो गिळा. तपशील खोदू नका. जाऊन त्या माणसाला जाब विचारायचा निर्णय परस्पर घेऊ नका. आघातात निर्णय दुसऱ्यानं घेतलेला असतो, मदतही तशीच आली तर जुनीच जखम पुन्हा होते. गोळ्यांचा साठा ताब्यात ठेवणं आणि फवारणीचं औषध घरात न ठेवता कुलपात ठेवणं, ही मदत बोलण्यापेक्षा मोलाची.

इतक्या वर्षांनी तक्रार करता येते का?

तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनांना तेव्हाची भारतीय दंडसंहिता लागते. पुरावा जुना झालेला असतो, त्यामुळे आधी वकिलाशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तक्रार करायची की नाही, हे तुमचं. एक बाब मात्र वेगळी : त्या माणसाच्या हाताशी आज लहान मुलं असतील आणि त्यांच्यावर अत्याचार होतोय असं कळलं असेल, तर पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८.

माझ्या मुलांना हे लागेल का?

बायपोलर असलेल्यांच्या मुलांतही साधारण दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त जणांना बायपोलर होत नाही. वागणुकीतून काय पुढे जातं, ते बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी न चुकणारा पालक असावं लागत नाही. तुम्ही ओरडलात, मूल कोपऱ्यात गेलं. अर्ध्या तासानं त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, ‘मघाशी मी ओरडलो, ती तुझी चूक नव्हती. मला बरं वाटत नव्हतं.’ सहा वर्षांच्या मुलाला एवढं समजतं. आजाराचं नावही सांगावं, त्याच्या वयाला झेपेल इतक्या शब्दांत. न सांगितलेल्या गोष्टीचं कारण मूल स्वतःतच शोधतं. आणि वाईट दिवसांसाठी त्याचं ते ‘एक मोठं माणूस’ आत्ताच ठरवून ठेवा : आत्या, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांचा नंबर मुलाला पाठ हवा.